विश्लेषण : ‘निळा पडदा’ का येतो? मेमरीतल्या एका चुकीच्या पत्त्याने अख्खा संगणक का थांबतो?

१९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या छोट्याशा फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तशीच चूक मोबाइलमधल्या एखाद्या अ‍ॅपने केली, तर फक्त ते अ‍ॅप बंद होते. फोनला काही होत नाही. हा फरक कुठून येतो?

सदर, नागपूर : शुक्रवार, १९ जुलै २०२४. सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे. रेसिडेन्सी रोडवरची कार्यालये उघडण्याची, बँकांमध्ये काउंटर सुरू होण्याची हीच वेळ. त्याच मिनिटाला ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने जगभरातल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक अपडेट पाठवले. ज्या संगणकांनी ते घेतले, ते बसल्या जागी थांबले. पडदा निळा झाला, संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा निळा झाला. नंतर कित्येक तास हेच चालले.

कंपनीने चूक ओळखून १० वाजून ५७ मिनिटांनी ते अपडेट मागे घेतले. म्हणजे सगळा खेळ ७८ मिनिटांचा. पण तोवर नुकसान होऊन गेले होते. इंडिगोला देशभरात सुमारे २०० उड्डाणे रद्द करावी लागली. मुंबईसह अनेक विमानतळांवर चेक-इन हाताने सुरू झाले आणि पेनाने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो दिवसभर मोबाइलवर फिरत राहिले. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सची पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली. परदेशात रुग्णालयांच्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

भारतात त्यामानाने थोडक्यात निभावले. देशातील १० बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांना किरकोळ अडचणी आल्या, असे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितले. सरकारी कामकाज ज्या ‘एनआयसी’च्या जाळ्यावर चालते, त्याला धक्का लागला नसल्याचे केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी स्पष्ट केले. घरगुती संगणकांना तर काहीच झाले नाही, कारण हे महागडे सॉफ्टवेअर कंपन्या घेतात, घरात कोणी घेत नाही.

त्या दिवशी अनेकांना हा सायबर हल्ला वाटला. तो हल्ला नव्हता. एका प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा जागेला हात लावला, जिथे त्याने जायला नको होते. एवढेच.

मेमरीचा ‘पत्ता’ म्हणजे नेमके काय?

संगणकाची किंवा फोनची मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले कोट्यवधी लहान कप्पे. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. त्या क्रमांकाला पत्ता म्हणतात. प्रोग्रॅम चालतो म्हणजे तो सतत या पत्त्यांवरून काहीतरी वाचत किंवा तिथे लिहीत असतो.

आता एक अडचण आहे. फोनवर एकाच वेळी व्हॉट्सअ‍ॅप, बँकेचे अ‍ॅप, एखादा गेम असे कितीतरी प्रोग्रॅम चालू असतात. गेमने बँकेच्या अ‍ॅपच्या कप्प्यात डोकावले तर? म्हणून कोणत्याही अ‍ॅपला मेमरीचा खरा पत्ता कधी दिलाच जात नाही. प्रत्येकाला वेगळी, काल्पनिक पत्त्यांची यादी मिळते. सदरमध्ये शेजारशेजारच्या दोन इमारतींत ‘फ्लॅट क्रमांक २०१’ असतो. क्रमांक एकच, घरे वेगळी. तसेच दोन अ‍ॅप्सनी एकच पत्ता उच्चारला तरी ती दोन वेगळ्या कप्प्यांवर पोहोचतात.

कोणाचा २०१ खरोखर कुठे आहे, याची नोंदवही ठेवते ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’. या नोंदवहीला ‘पेज टेबल’ म्हणतात. एकेका कप्प्याची नोंद ठेवणे परवडणारे नाही, म्हणून मेमरीची साधारण ४०९६ बाइटची पाने केली जातात आणि नोंद पानाची होते. आठ जीबी मेमरीच्या फोनमध्ये अशी सुमारे २१ लाख पाने असतात. प्रत्येक पानासमोर शेरा असतो : हे पान कोणाचे, ते फक्त वाचायचे की त्यावर लिहायचेही, आणि साध्या प्रोग्रॅमला तिथे जायची मुभा आहे की फक्त कर्नललाच.

नोंदवही कर्नलची असली, तरी ती दर वेळी तपासतो प्रोसेसरमधला एक स्वतंत्र भाग. त्याला चौकीदार म्हणायला हरकत नाही. मेमरीला लागणारा प्रत्येक हात, प्रत्येक वेळी, सेकंदाच्या अब्जाव्या भागात तपासला जातो. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या मँचेस्टर विद्यापीठातल्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात १९६२ मध्येच पानांची पद्धत होती. इंटेलने ती १९८५ च्या ८०३८६ चिपमध्ये आणली आणि मग ती घराघरांत पोहोचली.

बाजार आणि फाटक

सदरची रचना माहीत असणाऱ्याला पुढचा भाग सोपा जाईल. रेसिडेन्सी रोडचे नाव ब्रिटिशांच्या रेसिडेन्सीवरून पडले. आजही एकीकडे गजबजलेला बाजार आहे आणि त्याच परिसरात राज्यपालांचे निवासस्थानही आहे. बाजारात कोणीही फिरावे. फाटकाच्या आत मात्र प्रत्येकाला प्रवेश नाही.

संगणकाची मेमरीही अशीच दोन भागांत विभागलेली असते. अ‍ॅप्स बाजारात वावरतात. कर्नल फाटकाच्या आत असतो. अ‍ॅपला फाइल उघडायची असो, कॅमेरा चालवायचा असो की इंटरनेटवर काही पाठवायचे असो, त्याने फाटकावर अर्ज द्यायचा. काम आतले लोक करतात आणि निकाल बाहेर आणून देतात. अ‍ॅप स्वतः आत शिरत नाही.

मग प्रश्न असा, की एखाद्या प्रोग्रॅमने चुकीच्या पानाला हात लावला तर काय होते?

‘फॉल्ट’ म्हणजे बिघाड नव्हे

चौकीदाराला नोंदवहीत गफलत दिसली की प्रोसेसर चालू असलेली आज्ञा तिथेच अर्धवट सोडतो. ज्या पत्त्याला हात लागला, तो एका ठरलेल्या जागी लिहून ठेवतो. सोबत एक छोटी चिठ्ठी जोडतो, त्यात तीन मुख्य गोष्टी असतात : पान जागेवरच नव्हते की असूनही मुभा नव्हती, वाचायचे होते की लिहायचे, आणि हात बाहेरच्याचा होता की आतल्याचा. मग तो थेट कर्नलला हाक मारतो. याला ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. हा तपशील इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरचा. फोनमधल्या आर्म प्रोसेसरमध्ये नावे आणि जागा वेगळ्या असल्या, तरी व्यवहार तोच.

इथे ‘फॉल्ट’ हा शब्द फसवा आहे. वाटते की काहीतरी मोडले. प्रत्यक्षात मोठे अ‍ॅप उघडताना असे हजारो फॉल्ट होतात आणि त्यातला जवळजवळ एकही चूक नसतो.

ही बातमी अँड्रॉइड फोनवरच्या अ‍ॅपमध्ये उघडली असेल, तर त्याचा पुरावा हातातच आहे. अँड्रॉइडमध्ये नवे अ‍ॅप शून्यापासून उभे राहत नाही. फोन सुरू होतानाच ‘झायगोट’ नावाची एक प्रक्रिया सगळी सामायिक सामग्री मेमरीत मांडून तयार बसते. अ‍ॅप उघडले की कर्नल तिची प्रत काढतो. पण ती नुसती कागदोपत्री प्रत असते. पाने दोघांत सामायिकच राहतात, फक्त त्यांच्यासमोर ‘लिहू नये’ असा शेरा मारला जातो. अ‍ॅपने पहिल्यांदा एखाद्या पानावर लिहायचा प्रयत्न केला की चौकीदार अडवतो. कर्नल चिठ्ठी वाचतो, हे प्रकरण आपणच लावून ठेवलेले आहे हे ओळखतो, तेवढ्या एका पानाची खरी प्रत काढून देतो आणि अडलेली आज्ञा पुन्हा चालवतो. अ‍ॅपला मधे काही घडले याचा पत्ताही लागत नाही. यामुळे मेमरी वाचते आणि अ‍ॅप पटकन उघडते. या युक्तीला ‘कॉपी ऑन राइट’ म्हणतात.

युनिक्सच्या रचनेवरचे मॉरिस बाक यांचे १९८६ चे पुस्तक संगणकशास्त्राच्या अनेक जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्यात फॉल्टचे दोन प्रकार सांगितले आहेत : पान जागेवर नसल्याचा एक आणि मुभा नसल्याचा दुसरा. दुसरा तो ‘प्रोटेक्शन फॉल्ट’. वर सांगितलेली प्रत काढण्याची युक्ती त्यावरच उभी आहे. म्हणजे अडवणूक हेच इथे काम करण्याचे साधन आहे.

आणि अ‍ॅपने खरोखरच चूक केली तर?

मंगळवारी बाजाराजवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात म्हणा किंवा शहरातल्या कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात, लिनक्सवर सी भाषेचे प्रात्यक्षिक केलेल्या जवळपास प्रत्येकाने ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे दोन शब्द पाहिलेले असतात. पॉइंटरला पत्ता द्यायचा राहिला किंवा दहा घरांच्या यादीत चुकून शंभरावे घर मागितले की हा संदेश येतो आणि प्रोग्रॅम संपतो. विद्यार्थी वैतागतो, पण संगणक चालू राहतो. शेजारच्या खिडकीत गाणे वाजत असेल तर तेही थांबत नाही.

कर्नलने इथे चिठ्ठी वाचली, नोंदवही पाहिली आणि या पत्त्यावर या प्रोग्रॅमचा काहीच हक्क नाही असा निष्कर्ष काढला. मग तो प्रोग्रॅमला एक सिग्नल पाठवतो. प्रोग्रॅमने त्यासाठी स्वतःची काही तजवीज केली नसेल, तर तो तिथेच संपवला जातो. त्याची मेमरी, उघड्या फाइली सगळे कर्नल आवरून घेतो. फोनवर ‘अ‍ॅप थांबले आहे’ असा जो संदेश दिसतो, त्यातल्या काही वेळा मागे हेच कारण असते.

तजवीज करणारे प्रोग्रॅमही असतात. जुन्या युनिक्समधला स्टीफन बोर्न यांचा ‘शेल’ मुद्दाम मेमरीच्या हद्दीबाहेर जायचा, सिग्नल आला की आणखी मेमरी मागून घ्यायचा आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात पुढे जायचा. मोटोरोलाच्या ६८००० या चिपवर तो आणताना लोकांची दमछाक झाली, कारण त्या चिपला फॉल्टनंतर अडलेली आज्ञा नीट पुन्हा चालवताच येत नव्हती. चतुराई होती खरी, पण असला कोड नंतर सांभाळायची वेळ कोणावर येऊ नये.

कर्नलकडूनच चूक झाली तर?

आतापर्यंत हात बाहेरच्याचा होता. चिठ्ठीवर ‘हात आतल्याचा’ असे लिहून आले की प्रकरण गंभीर होते. त्यातही दोन शक्यता आहेत.

पहिली तशी निरुपद्रवी. अ‍ॅप कर्नलकडे अर्ज देते, ‘या पत्त्यावरचा मजकूर फाइलमध्ये लिही’. अर्जातला पत्ताच खोटा असेल तर कर्नल तो वाचायला जातो आणि स्वतःच अडतो. लिनक्समध्ये यावर नेटका उपाय आहे. बाहेरच्याने दिलेल्या पत्त्याला हात लावणाऱ्या कर्नलमधल्या आज्ञा मोजक्या आणि ठरलेल्या असतात. त्यांची यादी आधीच करून ठेवलेली असते आणि प्रत्येकीपुढे ‘इथे अडलो तर पुढे कुठे जायचे’ हे लिहिलेले असते. फॉल्ट आला की कर्नल यादी पाहतो, सुरक्षित वाटेने बाहेर पडतो आणि अ‍ॅपला ‘पत्ता चुकीचा आहे’ असे सांगून अर्ज परत करतो. या त्रुटीचा क्रमांक १४ आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये पेज फॉल्टचा क्रमांकही १४. हा निव्वळ योगायोग, पण परीक्षेत लक्षात ठेवायला बरा.

दुसरी शक्यता वाईट. यादीत नसलेल्या, कर्नलच्या स्वतःच्या कामातल्या आज्ञेने चुकीच्या पत्त्याला हात लावला. इथे अपराधी कोणाला ठरवायचे? आज्ञा आतली, माणूस आतला आणि त्याच्या हातात अख्ख्या घराच्या किल्ल्या. तो कदाचित डिस्कवर फाइल लिहीत होता आणि अर्धी लिहून झाली होती. कदाचित त्याने काही कुलुपे लावली होती आणि ती उघडायला आता कोणी नाही. चूक आत्ता दिसली, पण त्याआधी त्याने आणखी काय बिघडवले असेल, हे कोणालाच ठाऊक नाही.

लिनक्स अशा वेळी सविस्तर नोंद करतो, तिला गमतीने ‘ऊप्स’ म्हणतात. शक्य असेल तर तेवढे काम मारून तो पुढे रेटतो, नसेल तर ‘पॅनिक’ म्हणत थांबतो. विंडोज धोका पत्करत नाही. ती सगळे थांबवते, मेमरीची नोंद डिस्कवर उतरवते आणि निळा पडदा दाखवते. चुकीची माहिती डिस्कवर लिहून तुमचे हिशेब, फोटो, रुग्णांच्या नोंदी खराब करण्यापेक्षा थांबलेले बरे, हा त्यामागचा हिशेब आहे. निळ्या पडद्याला सगळे शिव्या देतात. पण चूक त्याच्या आधी झालेली असते. तो पडदा म्हणजे ती पुढे पसरू नये म्हणून ओढलेली साखळी असते.

मग १९ जुलैला फाटकाच्या आत कोण होते?

क्राउडस्ट्राइकचे ‘फाल्कन’ हे सॉफ्टवेअर व्हायरस आणि घुसखोरांवर नजर ठेवते. नजर ठेवायची तर सगळ्यांच्या आधी जागे व्हायला हवे आणि सगळे दिसायला हवे. म्हणून त्याचा एक भाग ड्रायव्हर म्हणून थेट कर्नलमध्ये बसतो आणि विंडोज सुरू होतानाच चालू होतो. तो बाहेरच्या कंपनीचा असूनही फाटकाच्या आत राहतो.

हा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून गेलेला होता. पण नव्या धोक्यांची माहिती देणाऱ्या छोट्या फाइली कंपनी दिवसातून अनेकदा पाठवते. त्यांना ती तपासणी लागू नव्हती. त्या दिवशीची फाइल होती ‘चॅनल फाइल २९१’. विंडोजमधले प्रोग्रॅम आपापसात निरोप देण्यासाठी जी एक सोय वापरतात, तिचा गैरवापर कसा ओळखायचा, याचे नियम त्यात होते.

६ ऑगस्ट २०२४ रोजी कंपनीने दिलेल्या कारणमीमांसेनुसार, या नियमांच्या तक्त्यात २१ रकाने ठरवले होते. पण संगणकावरचा कोड मात्र २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. ही विसंगती फेब्रुवारी २०२४ पासून तशीच होती. ती कळली नाही, कारण तोवरच्या प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे लिहिलेले असायचे. काहीही चालेल म्हटल्यावर तो रकाना उघडून पाहायची गरजच पडत नव्हती. चाचण्याही यामुळेच पार झाल्या. १९ जुलैच्या फाइलमधल्या एका नियमात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात ठोस अट आली. कोड विसाव्याच्या पुढे गेला. तिथे यादी संपलेली होती. यादीबाहेर जे काही आकडे पडले होते, ते त्याने पत्ता समजून उचलले आणि त्या पत्त्यावर वाचायला गेला.

चौकीदाराने अडवले. चिठ्ठीवर लिहिले होते, हात आतल्याचा. विंडोज थांबली. ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ हा त्या दिवशी असंख्य पडद्यांवर दिसलेला संदेश याचाच अर्थ सांगत होता.

एवढ्यावर भागले असते, तर संगणक पुन्हा सुरू करून काम चालले असते. पण हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच जागा होतो. जागा झाला की तीच फाइल वाचतो, पुन्हा अडतो आणि पुन्हा पडदा निळा होतो. इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवावी, तर त्याआधीच संगणक पडलेला असायचा. काही संगणक योगायोगाने मधल्या क्षणी नवी फाइल उचलू शकले. बाकीच्यांसाठी उपाय एकच, प्रत्येक संगणकासमोर माणूस बसवायचा, ‘सेफ मोड’मध्ये जायचे आणि ती फाइल हाताने पुसायची. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाइप करायची. ज्या कार्यालयांत त्या किल्ल्यांची यादी ठेवलेला सर्व्हरच निळा पडला होता, तिथल्या आयटी कर्मचाऱ्यांनी तो शनिवार-रविवार कसा काढला असेल, याचा अंदाज करता येतो.

मायक्रोसॉफ्टच्या मते बाधित संगणक एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होते. ‘पॅरामेट्रिक्स’ या विमा क्षेत्रातील कंपनीने अमेरिकेच्या ‘फॉर्च्युन ५००’ कंपन्यांचे थेट नुकसान मात्र सुमारे ५.४ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज वर्तवला. यादी तपासणारी एक ओळ कोडमध्ये असती, तर हे टळले असते.

चौकीदारच चुकला तर?

वरच्या प्रकरणात अडवण्याची यंत्रणा नीट चालली. कधी कधी त्या यंत्रणेतच भोक सापडते. ऑक्टोबर २०१६ मध्ये फिल ओस्टर या संशोधकाला हल्ल्याचा तपास करताना लिनक्समधली अशी एक त्रुटी सापडली. तिचे नाव पडले ‘डर्टी काऊ’. ‘काऊ’ म्हणजे गाय नव्हे, ‘कॉपी ऑन राइट’ची आद्याक्षरे.

फॉल्ट आल्यावर कर्नल पानाची खाजगी प्रत काढतो आणि मग त्यावर लिहू देतो, हे वर पाहिले. या दोन पायऱ्यांमध्ये अगदी बारीक फट होती. एका धाग्याने सतत लिहायचा प्रयत्न करायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी ‘ती प्रत मला नको’ असे कर्नलला सांगत राहायचे. लाखो प्रयत्नांत एकदा वेळ जुळली की कर्नल गोंधळायचा आणि प्रतीऐवजी मूळ पानावरच लिहू द्यायचा. ज्या फाइलवर ‘फक्त वाचा’ असा शेरा आहे, ती अशा रीतीने बदलता यायची आणि साधा वापरकर्ता अख्ख्या यंत्राचा मालक व्हायचा. अँड्रॉइड फोनही यातून सुटले नाहीत, कारण त्यांचा कर्नल लिनक्सच.

ही फट २००७ पासून होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्ती करताना नमूद केले, की त्यांनी स्वतः ११ वर्षांपूर्वी ती बुजवण्याचा प्रयत्न केला होता, तो नीट जमला नाही आणि दुसऱ्या एका अडचणीमुळे मागे घेतला गेला. त्या काळी अशी वेळ जुळणे जवळजवळ अशक्य मानले जायचे. संगणक वेगवान झाले आणि अशक्य ते शक्य झाले.

आता काय बदलते आहे?

खरा वाद आहे तो फाटकाच्या आत कोणाला राहू द्यायचे, याचा. अ‍ॅपलने मॅकमध्ये २०१९ पासून बाहेरच्या कंपन्यांना कर्नलमधून हळूहळू बाहेर काढले आणि सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी बाहेरूनच माहिती मिळण्याची वेगळी खिडकी दिली. मायक्रोसॉफ्टला ते तितके सोपे नव्हते. स्वतःच्या सुरक्षा उत्पादनांना जी दारे उघडी आहेत, ती इतरांनाही उघडी ठेवू, असे आश्वासन कंपनीने २००९ मध्ये युरोपीय आयोगाला दिले होते. प्रतिस्पर्ध्यांना बाहेर काढून स्वतः आत बसणे, हे स्पर्धेच्या दृष्टीने अन्यायाचेच ठरते. त्यामुळे ही निव्वळ तांत्रिक बाब नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना रेडमंडला बोलावून चर्चा केली. जून २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की सुरक्षा सॉफ्टवेअरला कर्नलच्या बाहेर राहून काम करता येईल अशी नवी व्यवस्था निवडक भागीदारांना चाचणीसाठी दिली जाईल. सुरूच न होणाऱ्या संगणकांना दुरून दुरुस्ती पाठवण्याची सोयही आणली. त्याच घोषणेत निळ्या पडद्याला निरोप देण्यात आला. विंडोज ११ मध्ये आता तो काळा आहे. इंग्रजी आद्याक्षरे ‘बीएसओडी’ तशीच राहिली, एवढे मात्र जमून आले.

दुसरा बदल कोड लिहिण्याच्या भाषेत आहे. सी आणि सी++ मध्ये यादीबाहेर गेले तरी भाषा स्वतःहून अडवत नाही. रस्टसारख्या भाषेत ही तपासणी भाषेतच आहे. अँड्रॉइडमध्ये नवा कोड अशा भाषांत लिहायला सुरुवात झाल्यावर एकूण सुरक्षा त्रुटींमधला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला, अशी गुगलची आकडेवारी आहे. लिनक्स कर्नलमध्येही डिसेंबर २०२२ पासून रस्टला जागा मिळाली आहे. पण रस्टमध्येही यादीबाहेर पाऊल टाकले तर प्रोग्रॅम थांबतोच. कर्नलमध्ये थांबणे म्हणजे काय, हे आपण वर पाहिले. म्हणून नुसती भाषा बदलून भागत नाही.

तिसरा बदल चौकीदाराचा. पानापानाची तपासणी ढोबळ असते. एकाच पानातल्या शेजारच्या कप्प्यात चुकून हात गेला तर कळत नाही. आता प्रोसेसर मेमरीच्या १६-१६ बाइटच्या तुकड्यांना खूण लावतात आणि पत्त्यावरची खूण जुळली तरच हात लावू देतात. २०२३ च्या पिक्सेल ८ फोनमध्ये ही सोय आली. सप्टेंबर २०२५ च्या आयफोन १७ मध्ये अ‍ॅपलने ती कायम चालू ठेवली आहे.

पडदा निळा किंवा काळा झाला तर काय करावे?

एखाद्या वेळी असे झाले, तर घाबरू नये. पडद्याच्या तळाशी ‘स्टॉप कोड’ असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. अनेकदा ड्रायव्हरच्या फाइलचे नावही तिथेच दिसते. दुरुस्तीला नेताना ‘संगणक बंद पडतो’ एवढेच सांगण्यापेक्षा हा फोटो दाखवला, तर विंडोज पुन्हा टाकण्याचे पैसे वाचू शकतात. नुकताच एखादा नवा ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर टाकले असेल तर ते काढून पाहावे. दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. विंडोजमधली ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही मोफत चाचणी अर्ध्या-पाऊण तासात बरेच काही सांगते.

आणखी एक गोष्ट. क्राउडस्ट्राइकच्या घटनेनंतर दुरुस्तीच्या नावाखाली फसवे ईमेल आणि बनावट फाइली पाठवणाऱ्यांबद्दल ‘सर्ट-इन’ने इशारा दिला होता. ब्राउझरमध्ये खोटा निळा पडदा दाखवून ‘या क्रमांकावर तातडीने फोन करा’ असे सांगणारे ठगही आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या निळ्या पडद्यावर कोणाचाही फोन नंबर नसतो, आवाज येत नाही आणि माउसचा बाणही हलत नाही, कारण तो हलवणारा कर्नलच थांबलेला असतो. बाण हलत असेल, तर पडदा खोटा. कीबोर्डवरून ब्राउझर बंद करावा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.